हमरस्ता आणि आडवाट : कर्जत-खालापूर परिसरातील रस्ते, सायकल व मोटार वाहतूक – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मुंबई व पुणे या दोन महानगरांच्या दरम्यान, सह्याद्रीच्या पायथ्याशी रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके वसले आहेत. खालापूर हा पूर्वी कर्जत तालुक्याचाच पेटा होता. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामकरण १९८१ मध्ये झाले. भातशेती, वनसंपदा व आदिवासी वाड्या ही या परिसराची जुनी ओळख होय. कर्जत व खोपोली या दोन्ही स्थानकांपर्यंत मुंबईची उपनगरी रेल्वे धावत असल्यामुळे आणि २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘नैना’ क्षेत्रात येथील काही गावांचा समावेश झाल्यामुळे हा परिसर झपाट्याने निमशहरी होत आहे. शनिवार-रविवारी कर्जतकडे येणाऱ्या मोटारींच्या रांगा हे त्याचे दृश्य लक्षण आहे. त्याच रस्त्याच्या कडेने शाळेत जाणारे विद्यार्थी, कारखान्याच्या पाळीवर निघालेले कामगार आणि बाजाराला जाणाऱ्या स्त्रिया पायी अथवा सायकलने वाट काढीत असतात.

या दोन प्रकारच्या प्रवासांसाठी प्रस्तुत लेखात ‘हमरस्ता’ व ‘आडवाट’ अशा संज्ञा योजिल्या आहेत. एका शहरातून दुसऱ्या शहराकडे, या भूमीतून आरपार जाणाऱ्याचा तो हमरस्ता. घरातून शेताकडे, शाळेकडे, स्थानकाकडे जाणाऱ्या स्थानिकाची ती आडवाट. गेल्या दोनशे वर्षांत या परिसरातील वाहतुकीच्या सुधारणा प्राधान्याने हमरस्त्यासाठी झाल्या आणि आडवाटेचा विचार नेहमी मागाहून झाला, हे येथे दाखवावयाचे आहे. सायकल हे आडवाटेचे वाहन असल्याने तिच्या वाट्याला आलेली उपेक्षा या इतिहासाचाच एक भाग ठरते.

बोरघाट : पायवाट ते गाडीरस्ता

कोकण व देश यांना जोडणाऱ्या घाटवाटांत बोरघाटाचे स्थान फार जुने आहे. पेशवाईत पुणे राजकारणाचे केंद्र झाल्यावर या वाटेची वर्दळ वाढली. घाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे नाना फडणीसांनी बांधविलेला तलाव व महादेवाचे मंदिर हे वाटसरूंच्या सोयीचे उत्तम उदाहरण होय. पाणी, सावली व विसावा या पायी चालणाऱ्याच्या गरजा ओळखून ते काम झाले होते.

१८०४ च्या सुमारास जनरल वेलस्लीने खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत लष्करी उपयोगाचा रस्ता तयार करविला. तथापि घाटाचा चढ अवघडच राहिला. १८२५ मध्ये येथून गेलेल्या बिशप हेबर यांना रस्ता रुंद व चांगला आढळला. परंतु गाडी अथवा आत माणूस बसलेली पालखी नेण्यास तो अतिशय उभा होता. लोक पायी वा घोड्यावरून घाट चढत आणि माल बैलांच्या पाठीवरून जाई. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी चाकाच्या गाड्यांसाठी बांधलेला नवा घाटरस्ता खुला केला. या दिवसापासून बोरघाटात चाकाचे युग सुरू झाले असे म्हणता येईल.

घाटातील शिंगरोबाचे मंदिर या संदर्भात लक्षणीय आहे. घाटातून मार्ग काढण्यासाठी योग्य वाट एका धनगराने इंग्रज अधिकाऱ्यांना दाखविली आणि काम झाल्यावर त्याचा जीव घेण्यात आला, अशी लोकश्रुती आहे. आजही अनेक वाहनचालक येथे नमस्कार करून पुढे जातात. या कथेची ऐतिहासिक सत्यता तपासणे कठीण आहे. मात्र ती स्थानिकांच्या स्मृतीत का टिकली, हे समजणे कठीण नाही. वाटेचे ज्ञान स्थानिकाचे, लाभ मात्र दूरच्याचा, ही जाणीव तिच्यात साठविलेली दिसते.

लोहमार्ग व वीज

१८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा भागही सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखी, तट्टू अथवा गाडीने पार करावा लागे. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला व ही तुटकता संपली. मुख्य लोहमार्ग कर्जतहून घाट चढू लागल्यामुळे खोपोली ही एका फाट्याच्या टोकाची वस्ती झाली. ज्या गावावाचून पुण्याचा प्रवास होत नसे ते गाव एका दशकाच्या आत आडवाटेला पडले.

विसाव्या शतकात या भूमीचे महत्त्व वेगळ्या कारणाने वाढले. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली आणून १९१५ मध्ये खोपोली येथे आणि १९२२ मध्ये कर्जतजवळ भिवपुरी येथे टाटांची जलविद्युत केंद्रे सुरू झाली. ही वीज मुख्यत्वे मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. रस्ता, लोहमार्ग व वीजवाहिनी या तिन्ही गोष्टी या परिसरातून गेल्या. परंतु त्यांचे गंतव्यस्थान अन्यत्र होते.

सायकल : सर्वसामान्यांचे स्वतःचे चाक

या पार्श्वभूमीवर सायकलचा विचार करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आलेली सायकल प्रारंभी आयात होत असे व ती साहेबाची अथवा सधन वर्गाची वस्तू होती. स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. मद्रासची टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपतची ॲटलस (१९५१) व लुधियानाची हीरो (१९५६) यांसारख्या कारखान्यांमुळे देशी सायकल तुलनेने स्वस्त झाली. शिक्षक, टपालवाला, दूधवाला व पाळीवर जाणारा कामगार यांना प्रथमच वेळापत्रकावर अवलंबून नसलेले स्वतःचे वाहन मिळाले. ज्यांना ती विकत घेणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने होती. मोठ्या पिशव्या, दुधाच्या किटल्या, गवताचे भारे आणि पुढच्या नळीवर बसविलेले मूल एवढा सारा संसार या वाहनाने वाहिला.

घाटावरचे पुणे याच काळात ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जाई. नगरपालिकांचा सायकल-कर, त्याचा पत्र्याचा बिल्ला आणि रात्री दिवा नसल्यास होणारा दंड यांच्या आठवणी त्या पिढीच्या तोंडून आजही ऐकू येतात. सायकलस्वार प्रशासनाच्या हिशेबात होता, हे यावरून दिसते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीने तर बोरघाटालाच क्रीडांगण बनविले. १९४५ पासूनची परंपरा सांगितली जाणाऱ्या या शर्यतीत घाटाची चढण प्रथम पार करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला जातो. माल्कमने चाकांसाठी खुला केलेला घाट एका माणसाच्या पायांच्या बळावर चढून जाणे यात सर्वसामान्यांना स्वतःचा गौरव वाटे.

१९७२ मध्ये बाजारात आलेली लुना, त्यापाठोपाठ स्कूटर व मोटारसायकल यांच्या प्रसारामुळे सायकल मागे पडू लागली. ती मागे पडली, नाहीशी झाली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल, २१ टक्के कुटुंबांकडे दुचाकी मोटारवाहन आणि केवळ ४.७ टक्के कुटुंबांकडे मोटार होती. रस्त्यांची आखणी मात्र या प्रमाणाच्या नेमकी उलट होत गेली.

द्रुतगती मार्ग आणि त्याच्या कडेची गावे

१९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बांधला. सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा हा सहापदरी मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. प्रवासाचा वेळ कमी झाला व जुन्या महामार्गावरील ताणही हलका झाला, हे त्याचे यश मान्य केलेच पाहिजे. या मार्गावर पादचारी, सायकल, बैलगाडी, दुचाकी व तीनचाकी यांना मज्जाव आहे. वेगाचा विचार करता हा नियम सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे. तथापि त्याचा सामाजिक अर्थही ध्यानात घ्यावा लागतो. या रस्त्यासाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या, तेथील बहुसंख्य रहिवाशांची वाहने त्यावर जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी तो रस्ता नसून ओलांडावयाचा अडथळा आहे. जेथे भुयारी वाट अथवा पूल सोयीच्या जागी नाही, तेथे शेजारचे शेत दूरचे होते.

आडवाटेची सारी वाहतूक मग जुन्या महामार्गावर व त्याला मिळणाऱ्या अंतर्गत रस्त्यांवर येते. तेथे मालमोटारी, बसगाड्या, दुचाकी, सायकली व पादचारी एकाच डांबरी पट्ट्यावर असतात. हा जुना रस्ताही निर्धोक नाही. एप्रिल २०२३ मध्ये शिंगरोबा मंदिराजवळ एक खासगी बस दरीत कोसळून ढोल-ताशा पथकातील तरुणांसह १३ जण मृत्युमुखी पडले. द्रुतगती मार्गावरील मृत्यू कमी करण्यासाठी २०१६ पासून विशेष उपक्रम हाती घेण्यात आला. खोपोली ते कुसगाव या टप्प्यासाठी बोगदे व पुलांचा समावेश असलेल्या नव्या मार्गाचे कामही २०१९ मध्ये सुरू झाले. अंतर्गत रस्त्यांच्या वाट्याला एवढे लक्ष आलेले नाही.

हमरस्ता व आडवाट यांतील अंतर किती असू शकते, हे १९ जुलै २०२३ च्या रात्री साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकर समाजाच्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत वाहन जाईल असा रस्ता नसल्याने बचाव पथकांना भर पावसात डोंगर चढून जावे लागले व यंत्रसामग्री वर नेता आली नाही. दरड कोसळण्याची कारणे वेगळी आहेत आणि रस्ता असता तर ती टळली असती असे म्हणता येणार नाही. परंतु देशातील एका अग्रगण्य महामार्गाच्या तालुक्यात मदत पायवाटेने पोहोचवावी लागली, ही वस्तुस्थिती इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविलीच पाहिजे.

माथेरान : दुसरे टोक

विशेष म्हणजे याच कर्जत तालुक्यात अगदी उलट व्यवस्थाही आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी प्रसिद्धीस आणलेले माथेरान १९०७ मध्ये नेरळहून निघणाऱ्या छोट्या रेल्वेने जोडले गेले. दस्तुरी नाक्याच्या पुढे येथे खासगी मोटारींना प्रवेश नाही. २००३ मध्ये माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. मोटारीवाचून एक संपूर्ण गाव चालू शकते, हे माथेरानने सिद्ध केले आहे.

मात्र त्या शांततेची किंमत कोणी दिली, हाही प्रश्न आहे. पर्यटक, आजारी माणसे व वृद्ध यांना चढ-उतारावरून वाहून नेणारी हातरिक्षा माणूसच ओढत असे. या कष्टकऱ्यांच्या पाठपुराव्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना अनुमती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा ही अमानवी प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. द्रुतगती मार्गावर फक्त मोटार आणि माथेरानात मोटारीला बंदी, ही दोन टोके एकाच परिसरात आहेत. दोन्ही ठिकाणी रस्ता कोणासाठी याचा निर्णय स्पष्ट नियमांनी झाला. या दोहोंच्या मध्ये असलेला सर्वसाधारण, संमिश्र रस्ता मात्र नियमाविना राहिला. आणि बहुसंख्य लोक जगतात ते त्याच रस्त्यावर.

अन्यत्रचा अनुभव

सायकलस्नेही समाज निसर्गतःच तसे असतात, हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. नेदरलँड्समध्येही दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींसाठी शहरे मोकळी केली जात होती. १९७१ मध्ये तेथे रस्ते-अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मरण पावली. त्यांत ४०० हून अधिक बालके होती. त्यानंतर पालकांनी व नागरिकांनी ‘बालहत्या थांबवा’ अशी चळवळ उभारली आणि हळूहळू स्वतंत्र सायकलमार्गांचे धोरण रुजले. भारतात बिहार शासनाने २००६ मध्ये नववीतील मुलींना सायकल देण्याची योजना सुरू केली. माध्यमिक शाळेतील मुलींच्या पटनोंदणीत त्यामुळे लक्षणीय वाढ झाल्याचे अभ्यासांतून दिसून आले. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांऐवजी माणसांच्या हालचालीला प्राधान्य देण्याचे तत्त्व स्वीकारले. परंतु ते धोरण शहरांसाठी होते. जे धड शहर नाही आणि धड खेडेही उरलेले नाही, असा कर्जत-खालापूरसारखा प्रदेश त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, या परिसरातील प्रत्येक मोठी वाहतूक-सुधारणा दूरच्या दोन टोकांना जोडण्यासाठी झाली. दुसरी, सायकलची पीछेहाट केवळ लोकांची आवड बदलल्यामुळे झालेली नाही. तिच्यासाठी रस्त्यावर जागाच न ठेवणे हेही त्याचे एक कारण आहे. तिसरी, रस्ता कोणाचा हे निसर्ग ठरवीत नाही, नियम ठरवितो. म्हणून तो नियम बदलताही येतो.

त्या दृष्टीने काही साधे उपाय सुचविता येतील. वाहतुकीची मोजणी करताना सायकलस्वार व पादचारी यांचीही गणना व्हावी. शाळा व रेल्वेस्थानकांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पदपथ आणि सायकलसाठी राखीव पट्टा असावा. महामार्ग ओलांडण्याच्या जागा गावकऱ्यांना विचारून ठरवाव्यात. परिसरातील महाविद्यालयांना आपल्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या प्रवासाची पाहणी करून या कामास हातभार लावता येईल. आपल्या वर्गात उशिरा पोहोचणारा विद्यार्थी कोणत्या रस्त्याने, किती धोका पत्करून येतो, याची माहिती आपणांपैकी किती जणांस आहे? नानांनी खोपोलीस तलाव बांधला तेव्हा चालणाऱ्याची तहान ध्यानात घेतली होती. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत रस्ते पुष्कळ झाले. चालणाऱ्याचा तेवढा विचार पुन्हा होणे अद्याप बाकी आहे.