सिंडिकेट कोणाचे? एका शब्दाचे दोन इतिहास

'सिंडिकेट' म्हटले की १९६९ च्या फुटीआधीचे काँग्रेसचे बडे नेते आठवतात. पण अर्थकारणात आणि माध्यमांत या शब्दाचे अर्थ वेगळे आहेत. ते आपण समजून घेतले पाहिजेत.

अर्थकारणात सिंडिकेट म्हणजे अनेकांनी पैसा एकत्र घालून एकच व्यवहार उचलणे. नफा वाटून घ्यायचा, तोटाही वाटून घ्यायचा. १७८१ साली 'झाँग' हे गुलामवाहू जहाज लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या अशाच सिंडिकेटच्या मालकीचे होते. पाणी अपुरे असल्याचे कारण देऊन खलाशांनी १२० हून अधिक आफ्रिकी माणसे समुद्रात फेकली. मालकांनी त्या माणसांची 'माल' म्हणून विमा भरपाई मागितली. १७८३ मध्ये खटला चालला तो विम्याच्या पैशांचा. खुनासाठी कोणीही आरोपी झाला नाही. भांडवल एकत्र आले, जबाबदारी मात्र विरून गेली.

माध्यमांत सिंडिकेशन म्हणजे एकच मजकूर अनेक वृत्तपत्रांना पुरवणे. एका टेबलावर लिहिलेले शंभर गावांत 'बातमी' ठरते. मग टेबलावर बसलेला कोण? बाबासाहेबांनी १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात नेमके यावर बोट ठेवले. बातम्या पुरवणाऱ्या असोसिएटेड प्रेसमध्ये सगळे मद्रासी ब्राह्मण आहेत, मग अस्पृश्यांची बाजू जगापुढे जाणार कशी, असा त्यांचा रोख होता.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी याला उत्तर शोधले. १९१९ मध्ये क्लॉड बार्नेट यांनी शिकागोत असोसिएटेड निग्रो प्रेस सुरू केली. कृष्णवर्णीयांच्या छोट्या छोट्या साप्ताहिकांना ती टपालाने बातम्या पाठवी आणि त्यांच्याकडूनही बातम्या घेई. तारेचा खर्च झेपत नव्हता, म्हणून काम अडले नाही. १९६४ पर्यंत ती चालली. ती सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० ला, मुंबईत 'मूकनायक' निघाला.

आज आमच्यातल्या प्रत्येकाचे चॅनल आहे, पेज आहे. पण एका तालुक्यातला अत्याचार नीट तपासून सगळ्यांनी एकाच दिवशी मांडला, असे किती वेळा होते? आम्ही आपापले फॉलोअर मोजत बसतो.

मूळ ग्रीक 'सिंडिकोस' म्हणजे न्यायालयात दुसऱ्याची बाजू मांडणारा. हा अर्थ व्यापाऱ्यांनी हरवला. तो परत मिळवायचा असेल, तर बातमी वाटून घ्यायला आणि तिची जबाबदारीही एकत्र घ्यायला आम्हाला शिकावे लागेल. संघटित होणे म्हणजे सभेला जमणे एवढेच नव्हे.

जय भीम!