बालाघाटची पानगळ आणि बालाघाटचे रस्ते

पाने पिवळी-तांबडी झाली की कॅमेरा घेऊन मोटारीने निघावयाचे, ही हौस मूळची थंड मुलखांतली. जपानात मेपलची लाल पाने पाहावयास जाण्याची रीत कित्येक शतकांची आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागात ऑक्टोबर महिन्यात याच कारणासाठी रस्त्यांवर रीघ लागते. आता आपल्याकडची मंडळीही असे बेत आखू लागली आहेत. बेत चांगलाच आहे. परंतु तो नीट आखावयाचा तर दोन गोष्टी माहीत हव्यात. आपल्याकडे पान का गळते ही एक, आणि ज्या रस्त्याने आपण जाणार तो कोणाच्या हातांनी झाला ही दुसरी.

थंड देशांत दिवस लहान होऊन गारठा वाढला की झाड पानांतले हरितद्रव्य मोडते. मग त्याखाली दडलेला पिवळा रंग दिसू लागतो आणि पुढे पान गळते. बालाघाटात कारण निराळे आहे. बीड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. उरलेले आठ महिने झाडाला जमिनीतल्या ओलीवर काढावे लागतात. पानांवाटे पाणी उडून जाते, म्हणून ओल आटू लागली की धावडा, पळस, सीताफळ ही झाडे आपली पाने टाकून देतात. तिकडचे झाड थंडीला भिते, इकडचे तहानेला.

तेव्हा परदेशी पुस्तकातला महिना पाहून निघणाऱ्याची निराशा व्हावयाची. आश्विन-कार्तिकात आपल्या डोंगरांवर सोनेरी होते ते गवत. झाडे अजून हिरवी असतात. धारूरच्या घाटात त्या दिवसांत सीताफळ पिकते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच डोंगराचे देणे आहे. पानगळ पाहावयाची तर पौष-माघात जावे. फाल्गुनात पळस फुलतो आणि पिंपळाला तांबूस पालवी फुटते. म्हणजे सफर एक नव्हे, दोन आखाव्यात.

मार्ग असा धरावा. बीडहून मांजरसुंब्याकडे निघावे आणि वाटेत कपिलधारला वळावे. तेथे धबधबा आहे व मन्मथस्वामींची समाधी आहे. पुढे पाटोद्यावरून सौताड्यास जावे. तेथे विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते. माघात पाणी नसले तरी दरीतली झाडे पाहण्याजोगी असतात. मोरांसाठी राखलेले नायगावचे अभयारण्यही याच पाटोदा तालुक्यात आहे. दुसऱ्या दिवशी केजवरून धारूरचा घाट करावा. सकाळी दहाच्या आत जे फोटो निघतील तेच चांगले. नंतर ऊन रंग खाऊन टाकते.

आता रस्त्याची गोष्ट. दुष्काळात लोकांना फुकट धान्य न देता काम द्यावे, आणि ते काम बहुधा रस्त्याचे, तलावाचे वा मातीचे असावे, हे धोरण इंग्रजी अमलात १८८०च्या दुष्काळ आयोगाने पक्के केले. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते व १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिले. परंतु आपल्या आठवणीतला दुष्काळ म्हणजे १९७२चा. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. बायाबापड्या उन्हात खडी फोडीत होत्या आणि मिलो ज्वारी व सुकडी खाऊन दिवस काढीत होत्या. आजही गावोगावी वडीलधारी माणसे रस्त्याकडे बोट दाखवून सांगतात, "ह्याची खडी आम्ही फोडलीय." ह्याच काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क सरकारने कायद्यात लिहिला, त्यामागे या लाखो खडी फोडणाऱ्यांचे बळ होते असे आम्ही मानतो.

त्याच रस्त्यांवरून दर शरदात दुसरी एक वाट चालते. प्रवरानगरला १९५०च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पाठोपाठ पश्चिमेकडे कारखाने वाढले, आणि ऊस तोडावयास माणसे लागली. ती बालाघाटाने दिली. १९७२नंतर हा ओघ फार वाढला. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी निघतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' अशीच त्यांची गणती होते. भांडीकुंडी, सरपण, शेळी, लेकरे, सारे त्या गाडीत वा ट्रॅक्टरवर असते. पाडव्याच्या सुमारास ती परततात. खरे पाहता झाडाची पानगळ आणि गावाची ही पांगापांग यांचे मूळ एकच आहे: पाण्याची टंचाई. फरक इतकाच की झाडाला तो निसर्गाचा नियम आहे, आणि माणसाच्या बाबतीत धरण, कालवा, मजुरी व कर्ज यांचे निर्णय माणसांनीच केलेले आहेत. म्हणून ते बदलताही येतात.

कॅमेऱ्याचाही इतिहास आहे. १८७६ ते १८७८च्या मद्रासच्या दुष्काळात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने भुकेने हाडे उरलेल्या माणसांचे फोटो काढले. त्यांना अन्न न देता नुसते चित्र टिपले, अशी टीका त्याच्यावर झाली. परंतु त्याच चित्रांनी त्या दुष्काळाची साक्ष आजवर टिकवली, हेही खरे. तेव्हा कॅमेरा नको असे आमचे म्हणणे नाही.

आम्ही संघटनेच्या कामासाठी या रस्त्यांवरून तीस वर्षे फिरत आहोत. जाणाऱ्यांना एवढेच सांगतो: पळसाचा फोटो खुशाल काढा. वाटेत बिऱ्हाड दिसले तर आधी गाडी थांबवा, रामराम करा, नाव-गाव विचारा. हो म्हणाले तरच फोटो काढा, आणि एक प्रत त्यांना पोचवा. रस्त्याच्या कडेला एखादी म्हातारी बसली असेल तर हा रस्ता कोणत्या साली झाला ते तिला विचारा आणि वहीत टिपून ठेवा. तालुक्यातल्या दहा रस्त्यांची अशी टिपणे जमली तर जिल्ह्याच्या इतिहासातले एक पान भरेल.