श्रीराम सिंह

श्रीराम सिंह : (१४ नोव्हेंबर १९४८ –      ). मध्यम पल्ल्याच्या शर्यतींतील ख्यातनाम भारतीय धावपटू. ८०० मी. ही त्यांची प्रमुख शर्यत. जन्म राजस्थानातील बडनगर येथे. १९६८ मध्ये ते भारतीय भूसेनेच्या राजपुताना रायफल्समध्ये दाखल झाले. आरंभी त्यांचा कल लांब पल्ल्याच्या धावण्याकडे होता; परंतु प्रशिक्षक इल्यास बाबर यांनी त्यांना मध्यम पल्ल्याकडे वळविले. बाबर यांच्याच मार्गदर्शनाखाली त्यांची पुढील कारकीर्द घडली.

४०० मी. च्या धावपथावर दोन फेऱ्यांत पुरी होणारी ८०० मी. ची शर्यत वेग आणि दमसास या दोहोंची कसोटी पाहते. पहिली फेरी फार वेगाने घेतल्यास अखेरच्या टप्प्यात पाय जड होतात. ती संथपणे घेतल्यास पुढे गेलेल्यांना गाठणे कठीण जाते. म्हणून बरेच धावपटू दुसऱ्याच्या मागे राहून शेवटच्या दोनशे मीटरांसाठी शक्ती राखून ठेवतात. श्रीराम सिंह यांची पद्धत याच्या उलट, म्हणजे आघाडी घेऊन स्वतःच गती ठरविण्याची होती.

बँकॉक येथील आशियाई क्रीडास्पर्धेत (१९७०) ब्रह्मदेशाच्या जिमी क्रॅम्पटनमागे दुसरे येऊन त्यांनी रौप्यपदक मिळविले. म्यूनिक ऑलिंपिकमध्ये (१९७२) ते प्राथमिक फेरीपलीकडे जाऊ शकले नाहीत. त्यानंतर मात्र त्यांची झपाट्याने प्रगती झाली. तेहरान येथील आशियाई क्रीडास्पर्धेत (१९७४) १ मि. ४७.५७ से. वेळ नोंदवून त्यांनी सुवर्णपदक पटकाविले. सोल येथील आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धेतही (१९७५) ते विजयी ठरले. त्यांना १९७३ मध्ये अर्जुन पुरस्कार व १९७४ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला.

माँट्रिऑल ऑलिंपिक (१९७६) हा त्यांच्या कारकीर्दीतील सर्वोच्च टप्पा होय. ८०० मी. च्या ऑलिंपिक अंतिम शर्यतीत पोहोचणारे ते पहिलेच भारतीय. २५ जुलै रोजी झालेल्या या शर्यतीत त्यांनी नेहमीप्रमाणे आघाडी घेतली आणि पहिली फेरी ५०.८५ से. मध्ये पूर्ण केली. क्यूबाचा आल्बेर्तो ह्वांतोरेना त्यांच्या लगतच होता. दुसऱ्या फेरीत तो पुढे निघून गेला व त्याने १ मि. ४३.५० से. असा नवा जागतिक विक्रम केला. बेल्जियमचा ईव्हो व्हान डाम दुसरा, तर अमेरिकेचा रिक वोलहूटर तिसरा आला. अखेरच्या टप्प्यात श्रीराम सिंह मागे पडून सातवे आले. तरीही त्यांची १ मि. ४५.७७ से. ही वेळ आशियाई विक्रम ठरली. त्यांची दुसरी फेरी पहिलीपेक्षा चार सेकंदांहून अधिक संथ होती. आघाडीची ही किंमत त्यांनी मोजली. पण त्यांनी ठरविलेल्या गतीवाचून जागतिक विक्रम घडणे अवघड होते. ह्वांतोरेनानेही पुढे या विक्रमाचे श्रेय त्यांना दिले. केवळ क्रमांक दाखविणाऱ्या निकालपत्रकावरून शर्यतीतील त्यांच्या या वाट्याची कल्पना येत नाही.

बँकॉक येथे १९७८ मध्ये १ मि. ४८.८० से. वेळेत धावून त्यांनी आशियाई क्रीडास्पर्धेतील आपले सुवर्णपदक राखले. मॉस्को ऑलिंपिकमध्ये (१९८०) ते उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. त्यानंतर त्यांनी स्पर्धात्मक धावण्यातून निवृत्ती स्वीकारली. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत (१९८२) चार्ल्स बोरोमिओ यांनी ही शर्यत जिंकून भारताची परंपरा पुढे चालविली. तेही बाबर यांचेच शिष्य होत.

माँट्रिऑल येथील वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून जवळजवळ ४२ वर्षे अबाधित राहिली. जिन्सन जॉन्सन यांनी जून २०१८ मध्ये गुवाहाटी येथे १ मि. ४५.६५ से. वेळ नोंदवून ती मागे टाकली. म्हणजे चार दशकांत भारतीय विक्रमात भर पडली ती अवघ्या ०.१२ सेकंदाची. याच काळात जागतिक विक्रम मात्र अडीच सेकंदांहून अधिक खाली आला. केन्याच्या डेव्हिड रुडिशाने लंडन ऑलिंपिकमध्ये (२०१२) तो १ मि. ४०.९१ से. पर्यंत नेला. एखाद्या विक्रमाचे दीर्घायुष्य हे सामान्यतः तो करणाऱ्याच्या थोरवीचे गमक मानले जाते. श्रीराम सिंह यांच्या बाबतीत ते खरेच आहे. तथापि त्यांनी गाठलेल्या उंचीवरून पुढे जाणारी धावपटूंची पिढी दीर्घकाळ तयार होऊ शकली नाही, ही भारतीय मैदानी क्रीडाक्षेत्रातील उणीवही त्याच विक्रमाने दाखवून दिली.