प्रवाशाचे समाधान : कुर्डुवाडीची शब्दसाक्ष

प्रवासी कशाने संतुष्ट होतो, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः वेग व भाडे यांत शोधले जाते. कुर्डुवाडीचा इतिहास निराळे उत्तर सुचवितो. १८९७ साली येथून बार्शीस अडीच फुटी रुळांवरून ‘बार्शी लाइट’ धावू लागली. पुढे ती पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत पोहोचली. वेग बेताचा, तरी आडबाजूची गावे तिने मुख्य लोहमार्गास जोडली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस सुटली आणि रुळांपासून दूरच्या खेड्यांसही हळूहळू हा जोड लाभला.

एस. टी.च्या व्यवहारात रुळलेले काही शब्द येथे साक्षीस घ्यावेत. ‘मुक्कामी गाडी’ रात्री खेड्यात थांबून पहाटे तेथूनच निघते. ‘विनंती थांबा’ वाटेवरच्या उतारूची सोय पाहतो. ‘गाडी लागली’ म्हणताच फलाटावरील धाकधूक संपते. हे तिन्ही प्रयोग वेगाविषयी मूक असून भरवसा तेवढा सांगतात. मुक्कामी गाडी बंद पडली, तर विद्यार्थ्याचे महाविद्यालय व रुग्णाचे इस्पितळ एकाच पहाटे दुरावते. म्हणून समाधानाचे मोजमाप करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने प्रश्नावली रचण्यापूर्वी प्रवाशांची भाषा ऐकणे अगत्याचे होय.