गिटार : स्वरलिपीवाचन आणि स्वरस्थाने

पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, म्हणजे स्टाफ नोटेशनमध्ये, लिहिलेला स्वर ओळखून तो गिटारच्या योग्य तारेवर व पडद्यावर शोधण्याचे कौशल्य. दासोपंतांच्या अंबाजोगाईपासून परळीपर्यंत भजन-कीर्तनात मुरलेल्या बीड जिल्ह्यात ही विद्या परकी, म्हणून अवघड समजली जाते. हा समज चुकीचा आहे. भजनात पेटी वाजवणाऱ्याला तिचा अर्धा भाग आधीच येत असतो. सरगमातला ‘सा’ गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सरकतो. पेटीवरची ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी पाच’ पट्टी मात्र जागची हलत नाही. ते ठरावीक उंचीच्या स्वराचे नाव आहे, आणि स्टाफ नोटेशनही नेमकी उंचीच लिहिते. पांढरी पाच म्हणजे जी. स्वरलिपीच्या आरंभीच्या वेटोळेदार चिन्हाने खालून दुसरी रेघ या जीसाठी राखलेली असते, आणि गिटारची तिसरी तार मोकळी छेडली की तो वाजतो. (गिटारचा स्वर कागदावर प्रत्यक्षापेक्षा एक सप्तक वर लिहितात.)

खरी अडचण पुढे आहे. पेटीवर एका स्वराला एकच पट्टी असते, गिटारवर त्याच स्वराच्या अनेक जागा. रेघांमधल्या सर्वांत वरच्या घरातला ई पहिल्या मोकळ्या तारेवर, दुसरीच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या पडद्यावरही मिळतो. कागद यातली जागा सहसा सांगत नाही. तार आणि पडद्याचे आकडे देणारी टॅब ती सांगते, म्हणून टॅब पुरेशी आहे, असा युक्तिवाद होतो. सुरुवातीला तिचा उपयोग आहेच. पण टॅबचे आकडे पेटीवाल्याच्या कामाचे नाहीत आणि पुष्कळ टॅबमध्ये लय लिहिलेलीच नसते. त्यापेक्षा सरगम जोडीला घेणे चांगले. काळी एकचा सी शार्प दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर ‘सा’ धरला, तर त्याच तारेवर कोमल रे तिसऱ्या, शुद्ध रे चौथ्या, शुद्ध ग सहाव्या, शुद्ध म सातव्या आणि प नवव्या पडद्यावर येतो. एक पडदा म्हणजे अर्धा स्वर, एवढे हाताला कळले की पट्टी बदलूनही हिशेब तोच राहतो.

आपली विद्या गुरुमुखाची, तिला कागद कशाला, हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत, म्हणजे बीडच्याच मराठवाड्यात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’मध्ये स्वराक्षरांनी आलाप लिहून ठेवले. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी शेकडो बंदिशी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त स्वरलिपीबद्ध केल्या. मींड (स्वरावरून स्वरावर सलग सरकणे) आणि आंदोलन (स्वराचे संथ झुलणे) कागदावर पुरती उतरत नाहीत, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तिथे ऐकण्याला पर्याय नाही. पण त्यामुळे वाचन निरुपयोगी ठरत नाही. गिटारवर तार ओढून मींड काढायची, तरी ती कोणत्या स्वरावरून कोणत्या स्वरावर न्यायची हे वादकाला आधी माहीत असावे लागते.