छिंगमिंग
पूर्वजांच्या कबरी साफसूफ करून त्यांना नैवेद्य दाखवण्याचा चिनी सण. चिनी पंचांगातील 24 सौरपर्वांपैकी (पहा : चिनी पंचांग) पाचवे पर्व याच नावाचे असून ते 5 एप्रिलच्या सुमारास येते. मुळात ही शेतीच्या हंगामाची खूण. कबरपूजा लगतच्या हान्शी सणाची. हान्शीला चूल न पेटवता थंड अन्न खात. 732 मध्ये थांग सम्राट श्वानझोंग याने त्या दिवशीच्या कबरपूजेस अधिकृत मान्यता दिली (पहा : थांग वंश). पुढे हान्शी मागे पडून त्याचे विधी छिंगमिंगमध्ये मिसळले. कबरीवरचे तण उपटणे, अन्न व मद्य ठेवणे, नकली कागदी नोटा जाळणे हे प्रमुख विधी होत (पहा : पूर्वजपूजा). यांगत्से नदीच्या दक्षिणेस हिरव्या वनस्पतीच्या रसाने हिरवे केलेले चिकट तांदळाच्या पिठाचे गोळे करतात. चीनमध्ये 2008 पासून या दिवशी सार्वजनिक सुटी असते.