गाळाचे देणे

पौषातल्या थंडीत आर्णीहून निघून मी नांदूरमधमेश्वरी पोहोचलो. येथे गोदावरी-कादवांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत कालव्यांसाठी बंधारा बांधला गेला. पण नद्यांनी गाळ आणला, साठा घटला. शेतीचे ते नुकसानच. मात्र त्याच उथळ पाण्यात पाणवनस्पती माजल्या आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस उतरू लागले. १९८६ साली येथे अभयारण्य झाले. २०२० साली ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले.

काठावरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारले, "बाबा, पाणी घटल्याचे वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना, गुरुजी. पण पाव्हणे दारात आल्यावर रागवायचं कुणावर?"

परतल्यावर आमच्या अरुणावतीच्या गाळाकडे मी निराळ्याच नजरेने पाहिले.